५२ किलोंची मूठ

आधी अंगठ्यात फास अडकवायचा. मग मनगटाला तीन वेढे. तिथून पट्टी हाताच्या पाठीवरून तिरपी न्यायची, बोटांच्या मुळांवर तीन-चारदा फिरवायची, प्रत्येक बेचक्यातून एकेकदा काढायची, पुन्हा मनगटावर आणायची आणि टोक चिकटवून टाकायचं. अकोल्यातल्या एका बॉक्सिंग हॉलच्या पायरीवर बसून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा हे करत होता. तोंड शेजारच्या पोराशी गप्पांत, डोळे रिंगमधल्या स्पारिंगवर. हात मात्र, आईनं न बघता भाकर थापावी तसे, आपापलं काम उरकत होते. पट्टी बांधून झाल्यावर त्यानं मूठ आवळून बघितली, उघडली, पुन्हा आवळली आणि आत पळाला.

मला या पायरीपर्यंत आणलं ते एका जपानी मालिकेनं. अमरावतीला माझा भाचा शिकायला असतो. त्याच्या मोबाइलवर कायम काहीतरी हाणामारी चाललेली. एकदा मी म्हटलं, "या वयात कार्टून काय बघतो रे?" तो दुखावला. "मामा, कार्टून नका म्हणू. ॲनिमे हाय ते. एक एपिसोड पाहून घ्या नं, मंग बोला." मी एक पाहिला, मग दुसरा, आणि शेवटी हातातला चहा गार झाल्यावर लक्षात आलं, की ही गोष्ट टोकियोची असली तरी तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो.

बेचिराख शहरातली झुंज

मालिकेचं नाव 'हाजिमे नो इप्पो', म्हणजे पहिलं पाऊल. जॉर्ज मोरिकावा यांनी ही चित्रकथा १९८९ मध्ये एका साप्ताहिकात सुरू केली. तिच्यावरून निघालेल्या ॲनिमेचा तिसरा टप्पा, 'रायझिंग', २०१३-१४ मध्ये आला. त्याच्या शेवटच्या काही भागांत कथा अचानक मागे जाते. एरवी मालिकेत रागीट, टकला, काठी आपटणारा म्हातारा म्हणून दिसणारा प्रशिक्षक कामोगावा इथे ऐन पंचविशीत आहे. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, शहर बेचिराख, लोक धान्यासाठी रांगेत, रस्त्यावर अमेरिकी सैनिकांच्या जीप.

या उद्ध्वस्त शहरात कामोगावा आणि त्याचा मित्र नेकोता बॉक्सिंग करतात. नेकोता अंगभूत चलाखीवर खेळणारा, प्राण्यासारखा चपळ. कामोगावा पुस्तकी, ठोसा का लागतो, पाय कुठे हवा, याचा विचार करणारा. दोघांमध्ये युकी नावाची मुलगी. तिच्या शरीरात हिरोशिमाच्या अणुबॉम्बचा किरणोत्सार भिनलेला आहे. मग येतो अँडरसन, धिप्पाड अमेरिकी सैनिक, जपानी बॉक्सर्सना लोळवण्यात मजा मानणारा. नेकोता त्याच्याशी लढतो, तेव्हा डोक्यावरच्या माराचे परिणाम त्याला आधीच जाणवू लागलेले असतात. त्यात अँडरसन नियमबाह्य ठोसे त्याच्या मानेमागे मारतो आणि नेकोताची कारकीर्द तिथेच संपते. कामोगावा नदीकाठी जातो आणि मोठमोठे ओंडके उघड्या मुठीनं ठोकत जमिनीत गाडू लागतो. शेवटच्या लढतीत तो अँडरसनच्या बरगड्यांवर घाव घालून जिंकतो, पण त्याच्या दोन्ही मुठी मोडतात. पुन्हा रिंगमध्ये उतरणं नाही. तो जिम काढतो आणि पोरांना शिकवू लागतो.

गोष्ट फिल्मी आहे. देशाच्या पराभवाचा सूड एका लहानखुऱ्या माणसाच्या मुठीत कोंबलेला आहे. पण खऱ्या इतिहासात जे घडलं, ते या कथेहून गुंतागुंतीचं आणि मला विचाराल तर जास्त सुंदर आहे.

टोकियोत घडलेली खरी गोष्ट

योशिओ शिराई हा युद्धकाळातच व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आलेला तरुण. मग नौदलात विमान दुरुस्तीच्या कामाला लागला. परतला तेव्हा कंबर धरलेली, खेळ जवळपास सुटलेला. टोकियोच्या गिंझा भागातल्या एका जिममध्ये सराव करताना त्याला एका अमेरिकी माणसानं पाहिलं. नाव ॲल्विन कान. हे काही बॉक्सिंगचे प्रशिक्षक नव्हते. ताब्याच्या सैन्याच्या मुख्यालयात नैसर्गिक साधनसंपत्ती विभागात काम करणारे जीवशास्त्रज्ञ होते. पण शरीराची हालचाल कशी होते, हे पारखणारी नजर त्यांना होती. शिराईचं टायमिंग त्यांच्या डोळ्यांत भरलं. त्यांनी त्याला हाताशी धरलं, अमेरिकी रसदीतलं दूध, मांस, अंडी त्याच्या पोटात जातील अशी सोय केली आणि मार न खाता मारण्याची शैली शिकवली.

१९ मे १९५२ रोजी टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममध्ये शिराईनं हवाईच्या डॅडो मारिनोला हरवून फ्लायवेट गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. जपानचा हा पहिला विश्वविजेता. तारीख नीट बघा. सॅन फ्रान्सिस्को तह अमलात येऊन जपानला सार्वभौमत्व परत मिळालं ते २८ एप्रिल १९५२ ला. म्हणजे स्वतंत्र होऊन देशाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. रिंगबाहेर बसलेल्या हजारो लोकांना त्या एका माणसात काय दिसलं असेल, याची कल्पना आपल्याला करता येते. आणि त्या विजेत्याच्या पाठीशी उभा होता एक अमेरिकी. ॲनिमेत अँडरसन आहे. इतिहासात त्याच्या जागी कान आहेत.

त्याच टोकियो-हिरोशिमाच्या जपानमध्ये आपली माणसंही होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९४६-४७ मध्ये राष्ट्रकुल देशांचं जे सैन्य जपानमध्ये ताब्यासाठी गेलं, त्यात भारतीय तुकड्या होत्या. त्यांतल्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती आणि तिथे ब्रिगेडचं नेतृत्व के. एस. थिमय्यांनी केलं, जे पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. गावाकडून पंढरपूरपलीकडे न गेलेली कितीतरी मराठी पोरं त्या काळी पडक्या जपानी गावांतून गस्त घालत होती. पत्रांत त्यांनी घरी काय लिहिलं असेल?

आणखी एक मराठी माणूस टोकियोला गेला तो १९६४ मध्ये, थेट रिंगमध्ये. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करातले बॉक्सर म्हणून ते टोकियोच्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षीच्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचं अंग लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं. पेटकर पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. मोडलेल्या शरीरानं थांबायचं नाही, हा कामोगावाचा हट्ट आपल्याकडे असा प्रत्यक्षात उतरलेला आहे.

वजनकाटा, गरिबाचा वकील

शिराई ज्या फ्लायवेट गटात जिंकला, त्याची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. तांदळाच्या रेशनवर वाढलेल्या देशाचा पहिला विश्वविजेता सगळ्यात हलक्या गटातून आला, हे काही नवल नव्हे. त्याच्यानंतर आलेला फायटिंग हारादाही फ्लायवेटच. १९६२ मध्ये तो विश्वविजेता झाला तेव्हा १९ वर्षांचा होता.

इथे जरा थांबून या वजनगटांकडे बघू, कारण बॉक्सिंगचा न्याय त्यांच्यात आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि पडलेल्याला दहा आकड्यांची मुदत आणली. पण हलक्या माणसाला खरा न्याय मिळाला तो १९०९ मध्ये, लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं आठ ठरावीक वजनगट पक्के केले तेव्हा. फ्लायवेट हा गट तिथेच पक्का झाला. याआधी लहानखुऱ्या माणसाला अनेकदा आपल्याहून जड माणसासमोर उभं राहावं लागायचं.

ठोशाची ताकद स्नायूंपेक्षा शरीराच्या वस्तुमानातून आणि वेगातून येते. पायाचा चवडा जमिनीला रेटतो, तो जोर कमरेतून वळतो, खांद्यातून पुढे येतो आणि मुठीतून बाहेर पडतो. हात हा साखळीतला फक्त शेवटचा दुवा. २० किलो जास्त वजनाचा माणूस तीच साखळी वापरून जास्त जोरात मारणारच. वजनकाटा ही तफावत काढून टाकतो. मग उरतं ते टायमिंग, पाय आणि डोकं. या तिन्ही गोष्टी श्रीमंताच्या घरीच पिकतात असं नाही.

म्हणून बॉक्सिंगचा नकाशा काढला तर तो भुकेच्या नकाशाला बराच जुळतो. युद्धानंतरचं जपान, मेक्सिको, क्यूबा, फिलिपिन्स, मणिपूर, हरियाणाची खेडी. आणि आपल्या महाराष्ट्रात, बुलडाणा-अकोल्याचा पट्टा.

वजनाच्या या नियमाची काळी बाजूही जपाननंच सगळ्यात तीव्रपणे रंगवली. 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो', ही चित्रकथा १९६८ ते १९७३ अशी चालली. लेखक इक्की काजिवारा (टोपणनाव आसाओ ताकामोरी), चित्रकार तेत्सुया चिबा. जो हा टोकियोच्या झोपडवस्तीतला अनाथ, भांडकुदळ पोरगा. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. चिबांनी रिकिइशी चित्रात बराच उंच-धिप्पाड काढला. नंतर दोघांना एकाच वजनगटात लढवायची वेळ आली आणि अडचण झाली. मग कथेनंच वाट काढली. रिकिइशी पाणी आणि अन्न तोडून वजन उतरवतो, जोला हरवतो आणि त्या लढतीनंतर मरतो. चित्रातली चूक कथेचा कणा झाली. २४ मार्च १९७० रोजी टोकियोत प्रकाशकाच्या इमारतीत या काल्पनिक बॉक्सरची खरीखुरी अंत्यविधी सभा झाली. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकारानं शेकडो लोक जमले होते.

हौशी बॉक्सिंगमध्ये आता प्रत्येक लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, म्हणून शेवटच्या क्षणी पाच-सहा किलो पाणी काढून टाकण्याचा जुगार फारसा चालत नाही. तरी अर्धा-एक किलो जास्त भरलं की पोरं स्वेटर घालून दोरीवर उड्या मारतात. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, तेव्हा त्यासाठी स्वेटरची गरज पडत नाही, हा तिथल्या पोरांचा विनोद.

पोस्टकार्डावरचा धडा

'आशिता नो जो' मधला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मारामारीचा नाही. जो सुधारगृहात आहे. त्याचा प्रशिक्षक दानपेई, एका डोळ्याचा, दारुडा, लोकांनी टाकलेला माणूस, त्याला पोस्टकार्डं पाठवतो. प्रत्येक कार्डावर 'उद्यासाठी' असा मथळा आणि एकेक धडा. पहिला धडा जॅबचा. जो वैतागून ते कार्ड वाचतो, आणि मग कोठडीत कंटाळा येऊन करून बघतो. त्याच क्षणी त्याच्या आयुष्याचा रोख बदलतो.

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, हलका, झटपट ठोसा. बघणाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो. पण जॅबच अंतर मोजतो, जॅबच समोरच्याचा गार्ड उघडतो, आणि मोठ्या ठोशाला वाट करून देतो. रागावलेला माणूस जॅब मारत नाही, तो हात घुमवून मारतो. घुमवलेला हात लांबचा रस्ता घेतो, दिसतो, आणि चुकतो. सरळ ठोसा जवळचा रस्ता घेतो. हा फरक शिकवल्याशिवाय कळत नाही, कारण माणसाच्या अंगात उपजत असतो तो घुमवलेला हात.

जपानी मालिकांचं खरं सूत्र मला इथे सापडलं. कामोगावा असो की दानपेई, गोष्ट शेवटी शिकवणाऱ्याची आहे. भूक, राग, अपमान यांचा साठा गरीब मुलुखात कधी कमी नसतो. कमी असतो तो शांतपणे जॅब शिकवणारा माणूस, आणि त्याला उभं राहायला जागा.

वऱ्हाडाला हे फार आधी उमगलेलं होतं, आणि तेही एका परक्या सत्तेखाली. १९१४ मध्ये अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. लाल मातीचा हौद, मुद्गल, मल्लखांब, लाठी. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ इथे व्यायाम शिकायला होते. गुलाम देशातली पोरं इथे आपलं शरीर आधी स्वतःच्या हुकमात आणत होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डी, खो-खो, मल्लखांब, लेझीम यांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. अँडरसनसमोर उभा राहिलेला कामोगावा आणि बर्लिनच्या मैदानात मल्लखांब करणारा अमरावतीचा तरुण, दोघांच्या अंगातली चीड एकाच जातीची. पण अमरावतीनं त्या चिडीला घडी घालून तिचा अभ्यासक्रम केला. आखाड्याचं महाविद्यालय झालं, व्यायाम शिकवणारे शिक्षक तयार झाले आणि महाराष्ट्रभर शाळांत गेले.

सवण्याचा पोरगा

स्वातंत्र्यानंतर शिकवणाऱ्याला उभं राहायला जागा सरकारनं द्यायची वेळ आली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्र शासनानं क्रीडा प्रबोधिनी सुरू केल्या. निवासी केंद्रं. राहणं, जेवण, शाळा आणि एक खेळ. निवड चाचण्यांनी होते, आणि त्या चाचण्या मोठ्या मजेच्या आहेत. पोराला बॉक्सिंग येतं का, हे कुणी विचारत नाही. उंची, वजन, उभ्या जागेवरून लांब उडी, हात वर करून उडी, मेडिसिन बॉल फेकणं, पुढे वाकून बोटं किती खाली जातात, ३० मीटर धावणं, दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, ८०० मीटर धावणं. थोडक्यात, या शरीरात काय शक्य आहे, एवढंच तपासायचं. खेळ नंतर ठरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ज्या पोरानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह कधी पाहिलेला नाही, त्यालाही या चाचणीतून वाट मिळते.

अकोल्याच्या प्रबोधिनीला बॉक्सिंग हा खेळ मिळाला आणि प्रशिक्षक सतीशचंद्र भट यांच्या हाताखाली अकोला राज्याच्या बॉक्सिंगचं एक ठाणं झालं. बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या सवण्याचा अनंत चोपडे इथेच घडला. शेतीवर पोट असलेल्या घरातला मुलगा. बुलडाणा, अकोला, अमरावती हे ते जिल्हे आहेत, ज्यांची नावं २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं तेव्हा देशभरच्या पेपरांत छापून आली होती. वऱ्हाडाची ओळख त्या काळात त्याच एका शब्दाला येऊन थांबली होती.

जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियात झालेल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत अनंतनं सुवर्णपदक जिंकलं. अंतिम लढतीत अफगाणिस्तानच्या बॉक्सरवर ५-०. मेरी कोमनंही त्याच स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि भारतानं एकूण सात सुवर्णपदकं घेतली. अनंतचा गट होता ५२ किलो. शिराईच्या फ्लायवेटपेक्षा जेमतेम सव्वा किलो जास्त. टोकियोच्या रेशनवर वाढलेलं शरीर आणि वऱ्हाडच्या ज्वारी-पिठल्यावर वाढलेलं शरीर, जवळपास सत्तर वर्षांच्या अंतरानं, एकाच काट्यावर येऊन थांबलं.

५-० म्हणजे काय, हेही सांगून टाकू. रिंगभोवती पाच पंच बसतात. प्रत्येक फेरीला, जो सरस त्याला १० गुण, दुसऱ्याला ९ किंवा कमी. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. शेवटी प्रत्येक पंचाचा एक विजेता निघतो. पाचही पंचांचं एकमत म्हणजे ५-०. समोरच्याला आडवं पाडणं इथे गरजेचं नसतं. स्वच्छ ठोसे, बचाव, रिंगवरचा ताबा, हे मोजलं जातं. म्हणून अकोल्याच्या हॉलमध्ये सरावाच्या वेळी सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द 'मार' हा नसतो. "गार्ड वर... पाय, पाय!" हे सतत कानावर पडतं. हात खाली आला की प्रशिक्षकाच्या हातातला पॅड हळूच गालावर बसतो. लागत नाही, लाज वाटते. दुसऱ्या दिवशी हात वर राहतो.

मुठीची किंमत

ओंडके ठोकून मूठ लोखंडाची होते का? भाच्याचा हा पहिला प्रश्न होता. उत्तर अर्धं होय, अर्धं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी दाखवून दिलं, की हाडावर वारंवार ताण आला तर ते त्या ताणाच्या दिशेनं दाट आणि मजबूत होत जातं. म्हणून बॅगवर वर्षानुवर्षं हळूहळू मारणाऱ्याचे हात खरंच टणक होतात. पण हे महिन्यांचं, वर्षांचं काम आहे. करंगळीमागचं हाताचं हाड तर इतकं नाजूक की चुकीच्या कोनात बसलेला एक ठोसा ते मोडायला पुरतो. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि गंमत म्हणजे ते बॉक्सर्सपेक्षा भिंतीवर राग काढणाऱ्यांमध्ये जास्त दिसतं. पायरीवरचा मुलगा जी पट्टी बांधत होता, ती यासाठीच. ती ठोसा जड करायला नसते. हाताच्या पंजातली सत्तावीस हाडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून असते. कामोगावाच्या मुठी मोडल्या, ते कथेतलं सगळ्यात खरं वाक्य.

नेकोताचं काय? तेही खरं आहे, आणि जास्त गंभीर. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. ठोशानं डोकं गर्रकन फिरलं, की कवटी थांबते पण मेंदू थोडा पुढे जातो आणि आतले नाजूक तंतू ताणले जातात. १९२८ मध्ये अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी बॉक्सर्समध्ये दिसणाऱ्या थरथर, अडखळणं, विस्मरण यांना वैद्यकीय लेखात 'पंच ड्रंक' असं नाव दिलं. जपानी भाषेनं हाच शब्द उचलला. मानेमागचा ठोसा नियमानं बंद आहे, कारण तिथे तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि श्वास चालवणारा मेंदूचा देठ आहे.

हौशी बॉक्सिंगनं यातून धडे घेतले. रिंगमधला पंच आठ आकडे मोजून खेळाडूच्या डोळ्यांत बघतो, संशय आला तर लढत थांबवतो. डोक्याला मार लागून लढत थांबली, तर किमान तीस दिवस रिंगपासून लांब. तरी हा खेळ निर्धोक झाला असं कुणी म्हणू नये. आपल्या पोराला हॉलमध्ये सोडणाऱ्या आई-बापानं हे माहीत करून घेऊनच सोडावं. चांगला प्रशिक्षक कोण, याची माझी साधी कसोटी आहे. स्पारिंगमध्ये एखादं पोरगं मार खाऊनही 'मला काही नाही झालं' म्हणतं, तेव्हा जो त्याचं ऐकत नाही, तो. नेकोताचं ऐकलं गेलं, म्हणून त्याची कारकीर्द गेली.

आता या हॉलमध्ये मुलीही आहेत. महिला बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं २०१२ मध्ये, लंडनला, आणि मेरी कोमनं पहिल्याच वेळी कांस्यपदक आणलं. विदर्भातून नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेही ८१ किलोंपुढच्या गटात. कामोगावाच्या काळात युकीच्या वाट्याला रिंगबाहेर बसून दोघांची काळजी करणं एवढंच आलं होतं.

संध्याकाळी सराव संपला. पायरीवरचा तो मुलगा घामानं निथळत बाहेर आला आणि बँडेज सोडू लागला. सोडलेली पट्टी ओली, मातकट. ती त्यानं मांडीवर ठेवून एका टोकापासून घट्ट गुंडाळायला घेतली, म्हणजे उद्या उलगडताना गुंता होणार नाही. मी त्याला विचारलं, "काय रे, आज किती ठोसे मारले?"

तो हसला. "मारले नाही काका, आज जॅबच होता फक्त. सर म्हणे अजून सरळ जात नाही."

"मग?"

"मग का? उद्या पुन्हा तेच."

पट्टीची गुंडाळी खिशात टाकून तो मेसकडे पळाला. दानपेईची पोस्टकार्डं मी ॲनिमेतच पाहिली होती. इथे ती न लिहिताच पोचत होती.